अर्ध्या कोबीचं दुकान

आमच्या गल्लीत अर्धा कोबी मिळणारं एकच दुकान आहे आणि ते माझ्या शिलाई मशीनच्या बरोबर समोर आहे. मी शिंपी. मशीन खिडकीशी लावलेलं, त्यामुळे हात कापडावर आणि डोळे समोरच्या दुकानात, असा माझा दिवस जातो. लोक म्हणतात, मास्तरांना दुसऱ्याच्या धंद्यात फार रस. असेल. माझ्या धंद्यात पाहण्यासारखं काही असतं, तर मीही तिकडेच पाहिलं असतं.

दुकान वहिनींचं. त्यांचा नवरा माझा मित्र, म्हणून त्या माझ्या वहिनी. पुढे सगळ्या गल्लीनेच त्यांना वहिनी करून टाकलं, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही त्यात आली. मित्र गेला तेव्हा दुकानाचं काय करायचं यावर नातेवाइकांनी खूप चर्चा केली, खूप चहा प्यायला आणि सगळे आपापल्या गावी गेले. वहिनींनी पुढच्याच आठवड्यात शटर वर केलं.

त्यांच्याकडे सगळं अर्धं मिळतं. कोबी अर्धा, पाव अर्धा, भोपळ्याची फोड, लोण्याचा तुकडा. दुधाची पिशवी फोडून अर्धी तुमच्या भांड्यात ओततात, उरलेली अर्धी पुढच्या गिऱ्हाइकाची. अंडं तेवढं अर्धं करता येत नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. गिऱ्हाइकाच्या खिशाला झेपेल तेवढंच कापायचं, हा त्यांचा धंदा. आमच्या गल्लीत तीनच गोष्टींना धार आहे: माझी कात्री, वहिनींची सुरी आणि त्यांच्या सासूबाईंची जीभ.

सासूबाई दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसतात. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, बाकी सगळं शाबूत. आलेल्या गिऱ्हाइकाला काय हवंय ते गिऱ्हाइकाच्या आधी त्या सांगतात, आणि ते त्याला का परवडणार नाही तेही सांगतात.

वहिनी पहाटे घाऊक बाजारातून त्या दिवसापुरताच माल आणतात. दुपार कलली की फळ्या रिकाम्या. मग त्या ओल्या फडक्याने फळ्या पुसतात आणि समाधानाने बसतात. "माल पडून राहिला की त्याचा पाहुणा होतो भावजी," असं त्या मला म्हणायच्या, "जातही नाही आणि कामाचाही नाही." त्यांच्या दुकानातला कचऱ्याचा डबा भरलेला मी कधी पाहिला नव्हता. कुठल्याही शहाण्या माणसाने याला चांगलं दुकान म्हटलं असतं. पण मग सरकारला गरिबांची दया आली.

पूर्वी सरकारकडून धान्यभाजीसाठी कागदी कुपनं मिळायची आणि ती कुठल्याही दुकानात चालायची. आता कार्ड आलं. दर महिन्याला कार्डात रक्कम जमा होणार आणि ती फक्त मान्यता मिळालेल्या दुकानातच खर्चता येणार. आमच्या भागात अशी दुकानं दोन. एक पुलापलीकडचा मोठा बाजार, बसने जायचं आणि पिशव्या मांडीवर घेऊन बसनेच यायचं. दुसरं हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचं दुकान. तिथे टिनमधल्या माशांवर एवढी धूळ असते की मासे कुठले ते कळत नाही. पण टिन तीन असतात. म्हणून त्याला मान्यता.

कारण नियम तसाच आहे. खाण्याचे चार गट: धान्य नि पाव, दूधदुभतं, फळं-भाज्या, आणि मांस-मासे-अंडी. प्रत्येक गटात अनेक प्रकार हवेत आणि प्रत्येक प्रकाराचे किमान तीन नग हवेत. अख्खे, न फोडलेले, तपासनीस येईल त्या घटकेला फळीवर हजर. तीनचे दोन झाले की तो प्रकार मोजत नाहीत, आणि एक प्रकार जरी कमी पडला तरी मान्यता नाही.

वहिनींबरोबर मीच गेलो होतो कचेरीत. खिडकीपलीकडे एक बाई होत्या, बोलायला चांगल्या, पण खिडकीतून बोलणाऱ्या.

"माझ्याकडे सहा अर्धे कोबी असतात," वहिनी म्हणाल्या.

"अर्धा हा नग होत नाही."

"दोन अर्धे मिळून?"

"ते दोन अर्धेच होतात, बाई."

वहिनींनी जरा विचार केला. "आणि माल दुपारपर्यंत विकला गेला असेल तर?"

"तर माल नाही असं लिहितात."

"पण लोकांनी नेला म्हणून नाही ना तो."

"नाही ते नाहीच," खिडकीतल्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "का नाही, याला आमच्याकडे रकाना नसतो."

म्हणजे ज्या दुकानातलं अन्न लोक खातात ते नापास आणि ज्यातलं कुणी खात नाही ते पास. मी हे तिथेच मोठ्याने बोलणार होतो, पण वहिनींनी माझी बाही ओढली. अर्ज दिला. तपासणीचा दिवस मिळाला.

मान्यता मिळाली नाही तर काय होणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. गल्लीत निम्म्याहून जास्त घरांत कार्ड. ती सगळी घरं पुलापलीकडे जाणार आणि वहिनी कुणासाठी कोबी कापणार? बाहेरगावी असलेल्या त्यांच्या मुलीने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "आई, नाही झालं तर दुकान बंद कर आणि आजीला घेऊन इकडे ये." वहिनी हो म्हणाल्या. ते ऐकून सासूबाईंनी नातजावयाचं घर केवढं आहे, त्यात स्टूल कुठे मावेल, याची चौकशी केली आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. आम्हाला काळजी वाटली.

तपासणीच्या दिवशी वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा जास्तीचा माल भरला. वरच्या फळीवर सगळं तीन-तीन मांडलं. तीन अख्खे कोबी, तीन बंद पाव, तीन टिन मासे, सगळं गणवेश घातलेल्या मुलांसारखं सरळ रांगेत. खालच्या फळीवर रोजचा माल, विकायचा.

आणि इथे आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याला बुद्धी सुचली. न्हावी माणूस वाईट नाही, पण दिवसभर लोकांच्या डोक्याशी संबंध आल्यामुळे आपल्यालाही एक आहे असा त्याचा समज आहे. तो म्हणाला, "साहेबाला दुकान चालताना दिसलं पाहिजे. ओस दुकानाला कोण मान्यता देईल?" सकाळी उठून तो घरोघर सांगत फिरला, की आज सगळ्यांनी वहिनींकडे खरेदीला जायचं, आणि कृपा करून कुणी अर्धं मागू नका, गल्लीची लाज राखा.

गल्ली आली. चांगले कपडे घालून आली. ज्यांनी जन्मात अख्खा कोबी विकत घेतला नव्हता त्यांनी अख्खा कोबी मागितला. तासाभरात खालची फळी रिकामी. वहिनी हळूच म्हणायला लागल्या, "वरचं नको हं, वरचं राहू दे," पण दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची जिभेला सवयच नव्हती, त्यामुळे ते वाक्य कुणाला नीट ऐकू गेलं नाही. त्यात सासूबाईंचं चालू, "दे गं, दे. माणसं प्रेमाने आलीत." शेवटचे तीन टिन मासे खुद्द न्हाव्याने घेतले. त्याला मासे आवडत नाहीत, तरी घेतले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तपासनिसाची स्कूटर दिसली.

मी खिडकीतून ओरडलो, "अरे, परत आणा सगळं." गल्लीला चूक कळली, पण गल्लीला एखादी गोष्ट कळते तेव्हा सगळ्यांना एकदम कळते. तपासनीस आत शिरून पावाच्या फळीसमोर उभा राहिला, फळीवर काही नाही. त्याने तसं लिहिलं. एवढ्यात मागून एक बाई आल्या आणि तीन पाव त्याच्यासमोर ठेवून म्हणाल्या, "वहिनी, हे परत घ्या." त्यांच्यामागे कोबी आला. मग केळी आली. मग अंडी, त्यातली दोन गडबडीत फुटलेली.

तपासनीस बारीक अंगाचा, सभ्य माणूस होता. त्याने हलक्या आवाजात विचारलं, "काय झालं? खराब निघालं का?"

"छे हो, चांगलं आहे," कोबी घेऊन आलेले गृहस्थ म्हणाले. "चांगलं आहे म्हणूनच परत आणलं."

तपासनिसाने तेही लिहिलं. शेवटी न्हावी घाम पुसत आला आणि तीन टिन ठेवत म्हणाला, "बघा साहेब, तोंडाला लावलेले नाहीत."

पंधरा दिवसांनी निकाल आला. साठा अपुरा. ग्राहकांकडून माल परत येण्याचं प्रमाण चिंताजनक. मालाच्या दर्जाविषयी शंका. पुन्हा अर्ज सहा महिन्यांनी करावा. न्हाव्याने वर्षभर गल्लीची डोकी फुकट करावीत असा ठराव सासूबाईंनी मांडला. तो सर्वांना मान्य झाला, एक न्हावी सोडून.

हसण्यासारखं एवढंच. पुढचे सहा महिने मला खिडकीतून बघवत नव्हतं.

गिऱ्हाइकं वाईट नव्हती. ती येताना-जाताना मान खाली घालायची, कारण हातात पुलापलीकडच्या पिशव्या असायच्या. सगळ्यात हाल लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवालीचे. दिवसभर उभं राहून इस्त्री करायची, घरी दोन वर्षांची पोरगी, आणि बाजाराला जायला सुट्टीचा दिवस एकच. आठवड्याचं दूध ती एकदम आणायची. खोलीत फ्रिज नाही. तिसऱ्या दिवशी दूध फाटायचं, मग ती मुठीत चिल्लर घेऊन वहिनींकडे यायची आणि वहिनी अर्धी पिशवी ओतून द्यायच्या. बहुतेकदा अर्धीपेक्षा थोडी जास्त. बाकी दुकानात सामसूम. वहिनी माल कमी आणायला लागल्या, आणि कमी आणलेलाही संध्याकाळी फळीवर दिसायला लागला. सुरीला गंज आला तेव्हा त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "भावजी, तुमच्या कात्रीबरोबर हिलाही धार लावून आणता का? वापर नाही, पण असू दे." मी आणली लावून. पैसे घेतले नाहीत तर त्या रागावल्या.

दुसऱ्या तपासणीच्या आधी वहिनींनी मुलीला सांगून टाकलं, या वेळी नाही झालं तर येते. या वेळी सासूबाई गप्प बसल्या नाहीत. "दार लाव," त्या म्हणाल्या. "आज विकायचंच नाही. विकलं की संपतं. एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळत नाही आणि धंदा करता."

तर त्या दिवशी शटर अर्ध्यावर ओढलेलं. आत सगळ्या फळ्या भरलेल्या, फ्रिजमध्ये दुधाच्या तीन पिशव्या, आणि त्यांच्यासमोर वहिनी खुर्चीत ताठ बसलेल्या. न्हाव्याला त्याच्या दुकानातून बाहेर पडायची बंदी होती. मी मशीन थांबवून बसलो होतो, कारण मशीनच्या आवाजानेही काही विकलं जाईल अशी मला भीती.

जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाली आली. शटरखाली वाकली. "वहिनी, अर्धंच द्या. पोरीचं फाटलं."

वहिनी उठल्या. फ्रिजपर्यंत गेल्या. दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि तशाच परत आल्या. "आज नाही देता येत गं," त्या म्हणाल्या.

"पैसे आहेत," तिने मूठ उघडून दाखवली.

"पैशांचं नाही गं."

तिला फ्रिज दिसत होता, फ्रिजमधलं दूधही दिसत होतं. एवढ्या वर्षांत त्या दुकानातून रिकाम्या हाताने जाणारं ते पहिलं माणूस. मी तिला हाक मारून माझ्या चहासाठी ठेवलेलं दूध दिलं. कपभर होतं, त्यातही आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे पाणीच जास्त. ती ते घेऊन लॉन्ड्रीकडे पळाली. वहिनींनी शटरखालून सगळं पाहिलं आणि माझ्याकडे पाठ केली. मला त्या दिवशी सरकारचा जेवढा राग आला, तेवढा कर भरतानाही आलेला नाही.

तपासनीस आला. तोच, सभ्य. शटरखालून वाकून आत गेला आणि मोजायला लागला. मोजता मोजता त्याचा चेहरा खुलत गेला. कोबी तीन. पाव तीन-तीन. दही तीन. फ्रिजमध्ये दूध तीन.

"गिऱ्हाईक दिसत नाही," तो म्हणाला.

"आज बंद आहे दुकान," सासूबाई म्हणाल्या.

"छान," तो म्हणाला. खरंच म्हणाला, मी ऐकलं. "किती व्यवस्थित झालंय सगळं. याला म्हणतात दुकान." आणि जाताना त्याने लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, बिचाऱ्याला वाटलं वहिनींना आनंद होईल. "साठा पुरेसा. मांडणी उत्तम. एकही ग्राहक माल परत करताना आढळला नाही."

अशी मान्यता मिळाली. शटरवर सरकारी स्टिकर लागलं, गल्ल्याजवळ कार्डाचं यंत्र आलं, आणि गल्ली मान वर करून परत आली. न्हाव्याने हे सगळं त्याच्या पहिल्या प्रयत्नामुळे झालं असं सांगायला सुरुवात केली.

पण तपासणी आता कधीही होऊ शकते, न कळवता. म्हणून वरची फळी आणि फ्रिजचा वरचा कप्पा कायमचे तीन-तीनने भरलेले. गल्लीत त्यांना साहेबांचा माल म्हणतात. त्याला कुणी हात लावत नाही. तो तिथे बसून जुना होतो, तारीख संपायला येते, मग वहिनी तो खाली काढून नवा मांडतात. काढलेलं त्या आणि सासूबाई खातात. आदल्या आठवड्याचा पाव, आंबलेलं दही, काळी पडलेली केळी. "सरकारचं खातेय," सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आणि तेही कार्ड न काढता." जे त्यांनाही खाववत नाही ते डब्यात जातं. वहिनींच्या दुकानातला कचऱ्याचा डबा आता भरतो. तो बाहेर ठेवताना त्या इकडेतिकडे बघतात, चोरी केल्यासारख्या.

एकदा संध्याकाळी मी दोरा आणायला तिकडे गेलो होतो, दोरा त्यांच्याकडे मिळत नाही हे मला माहीत आहे. सासूबाईंशी बोलत उभा होतो. इस्त्रीवाली कामावरून सुटून आली, हातात कार्ड. खालच्या कप्प्यातलं दूध संपलेलं. तिने फ्रिजकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"नसेल तर राहू द्या वहिनी," ती म्हणाली. "तुमचे नियम असतात, मला माहीत आहे."

ती टोमणा मारायला म्हणाली नव्हती. तेच वाईट होतं.

वहिनींनी फ्रिज उघडला, वरच्या कप्प्यातली पिशवी काढली आणि कार्ड यंत्रात घातलं. यंत्राला अर्धं कळत नाही, त्यामुळे अख्खीच पिशवी लागली. मग त्यांनी सुरी घेतली, पिशवीचं टोक कापलं आणि अर्धं दूध तिच्या भांड्यात ओतलं.

"अर्धं आत्ता ने. उरलेलं तुझंच, इथे थंड राहील. सकाळी कामावर जाताना घे, फाटणार नाही."

ती गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, साहेबांचा माल आहे तो. आता दोनच राहिल्या."

"अडीच आहेत, भावजी," वहिनी सुरी पुसत म्हणाल्या.

"तो अर्धं मोजत नाही."

"नको मोजू दे."

सासूबाईंनी स्टूल जरा पुढे, दाराच्या मध्यावर सरकवलं आणि गल्लीच्या तोंडाकडे तोंड करून बसल्या. दुधाची गाडी सकाळी येते. तोवर आमच्या गल्लीतलं ते दुकान, सरकारच्या हिशेबाने, दुकान नसतं. हल्ली बहुतेक रोजच संध्याकाळी असं होतं. सगळ्या गल्लीला माहीत आहे, आणि कुणी बोलत नाही. न्हावीसुद्धा.